संथ गाण्याचा पत्ता

ग्रामोफोनच्या तबकडीच्या पाकिटावर मागच्या बाजूला जो बारीक मजकूर असतो, तो कुणी वाचतं का, मला ठाऊक नाही. तो कुणीतरी बसून लिहितं, हे तर माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तोच मजकूर लिहिण्यासाठी मी यंदा दिवाळी झाल्यावर तीन दिवस मावळात हिंडून आले. जाताना गोंधळलेली होते, येताना त्याहून जास्त. तरी लिहिते, कारण न लिहिता बसवेना.

मी पुण्यात एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. माझ्या अक्काचा मुलगा नितीन मात्र गिटार वाजवतो. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली, केस मानेच्या खाली उतरलेत आणि विजारीचे पाय इतके रुंद की एकेकात एक पोर झोपवावं. त्याच्या वाद्यवृंदाचं नाव 'द घाट फोर'. माणसं तीन. चौथा कॅनडाला गेला, नाव मागे राहिलं. हे लोक जे वाजवतात त्याला 'कंट्री रॉक' म्हणतात. कंट्री म्हणजे खेडं आणि रॉक म्हणजे खडक, एवढं इंग्रजी मला येतं. मग नितीनने समजावलं की अमेरिकेतल्या गुराख्यांची गाणी विजेच्या गिटारीवर वाजवली की कंट्री रॉक होतो. आपल्याकडचे गुराखी काय म्हणतात ते कधी ऐकलंस का, असं मी विचारलं, तेव्हा तो गिटारच्या तारा जुळवू लागला. त्याने उत्तर का टाळलं ते मला तेव्हा कळलं नाही.

मुंबईतल्या एका कंपनीने त्यांची मोठी तबकडी काढायचं कबूल केलं होतं. दहा गाणी, सगळी इंग्रजी, आणि सगळी म्हणे मावळ-लोणावळ्यात सुचलेली. तिथल्या साहेबांची अट एवढीच, की प्रत्येक गाणं कुठे आणि कशावरून सुचलं याचा मराठी-इंग्रजी मजकूर पाकिटावर हवा, आणि शब्द व संगीत स्वतःचं आहे अशी नितीनची सही हवी. नितीनच्या वडिलांचं रविवार पेठेत लोखंडी सामानाचं दुकान आहे. त्यांनी सांगून टाकलं होतं की गुढीपाडव्यापर्यंत तबकडी निघाली तर ठीक, नाहीतर गिटार माळ्यावर आणि नितीन गल्ल्यावर. अक्का माझ्याकडे येऊन म्हणाली, "तू लिहितेस ना दिवाळी अंकात? मग जा त्याच्याबरोबर आणि चांगलं चार ओळींचं लिहून दे." अक्काने 'जा' म्हटलं की जायचं असतं, हे मी चाळीस वर्षं शिकते आहे.

लोणावळा

आम्ही उतरलो सिरिलकडे. सिरिल म्हणजे वाद्यवृंदातला दुसरा. हा बँजो वाजवतो, बोलतो कमी आणि खातो फार. त्याचे वडील डॉमनिक अंकल रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, आता निवृत्त. स्टेशनामागच्या त्यांच्या छोट्या घरात पहाटेपासून धुकं खिडकीला टेकून बसलेलं असतं आणि अंकल बनियनवर स्वेटर घालून ओट्यापाशी ऑम्लेट करत असतात. पुरुषमाणूस स्वयंपाकघरात आणि मी पाहुणी बाहेर खुर्चीत. पहिल्या दिवशी मला बसवेना, दुसऱ्या दिवशी मी दोनदा मागून खाल्लं.

तबकडीचं नाव 'रिव्हर्सिंग स्टेशन'. ते काय, हे अंकलनी समजावलं. पूर्वी घाटात गाडी एका जागी येऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढे चढायची. ही गोष्ट मला आवडली. मग नितीनने टेपरेकॉर्डर काढला. लाकडी पेटीएवढं यंत्र, त्यावर दोन चक्रं, आत सहा सेल. त्यावर तो एकेक गाणं वाजवायचा आणि मी वहीत लिहायचे. दुसरं गाणं होतं घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर. गाण्यात ते इंजिन लोणावळ्याला गाडीपासून सुटतं आणि विरहाने शिट्टी मारून रडतं.

"अंकल, असं होतं?" मी विचारलं.

"सुटलं की आम्ही चहा प्यायचो," अंकल म्हणाले. "शिट्टी नियमाची आहे. रडायला वेळ कुठला मॅडम, परत खाली कर्जतला जायचं असायचं."

मी वहीत 'विरह' लिहिला होता, तो खोडून 'चहा' लिहिला, मग तोही खोडला. गाणं कशावरून सुचलं हे ज्याच्यावरून सुचलं त्याला विचारू नये, असा धडा मला पहिल्याच दिवशी मिळाला, पण मी तो घेतला नाही.

नऊ गाणी अशी झाली. दहावं लागलं आणि माझं लिहिणं थांबलं. स्टेशनवर येऊ नकोस, एवढंच सांगणाऱ्या माणसाचं ते गाणं होतं. फार संथ. एक ओळ म्हणायची, मग जरा थांबायचं, जणू कुणीतरी मागून येतंय आणि त्याची वाट बघायची आहे, मग पुढची ओळ. मला संगीत कळत नाही हे मी सांगितलंच, पण त्या थांबण्यापाशी मीही पुढच्या ओळीची वाट बघू लागले, उगीचच. साहेबांनी हे एक गाणं ऐकूनच तबकडी काढायची ठरवली होती, असं सिरिल म्हणाला.

"हे कुठे सुचलं?" मी पेन सरसावलं.

नितीन उठून बाहेर गेला. मी मागोमाग गेले. भुशीच्या रस्त्याला दुपारचं ऊन पडलं होतं. बराच वेळ तो दगडांना लाथा मारत चालला आणि मग म्हणाला, "मावशी, ते माझं नाहीये."

तीन वर्षांपूर्वी आषाढात तो मित्रांबरोबर लोहगडावर आला होता. पावसात वाट चुकला आणि एकटाच पलीकडच्या अंगाला उतरला. कुठल्याशा गावाच्या शिवारात बांधावर एका झाडाखाली बसून राहिला. समोरच्या खाचरात पंधरा-वीस बाया ओळीने वाकून भाताची रोपं लावत होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर पानांचं इरलं, त्यामुळे तोंड एकीचंही दिसत नव्हतं. एक बाई ओळ म्हणायची, बाकीच्या उचलायच्या. खाचर पुरं होईपर्यंत हा तिथे बसला आणि तो सूर डोक्यात घेऊन घरी आला. मग त्याने त्यावर इंग्रजी शब्द चढवले.

"म्हणजे चोरलंस," मी म्हटलं. मला राग आला होता. पुस्तकातलं पान फाडून नेणाऱ्यांवर येतो तसाच.

"म्हणून तर तुला आणलं. आईला मीच सांगितलं तुझं नाव सुचवायला. मला ती बाई शोधायचीय. ती नको म्हणाली तर गाणं काढून टाकीन."

"आणि तबकडी?"

"मग कसली तबकडी, मावशी," तो म्हणाला. "मग खिळे विकायचे."

या मुलाला शाबासकी द्यावी की कानाखाली द्यावी, मला ठरवता येईना. मी दोन्ही दिलं नाही. गावाचं नाव काय, विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं. बाईचं तोंड पाहिलेलं नाही, गावाचं नाव माहीत नाही, आणि जवळ फक्त एक सूर. असा पत्ता घेऊन आम्ही निघालो.

लोहगडवाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी मळवलीहून चालत निघालो. भाजे गावाच्या पुढे चढ लागतो तिथे माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सिरिलने खिशातून बँजोची जुनी तार काढली आणि इतकी सुबक शिवण घातली की मी त्याचं कौतुक केलं. तास-दीड तासाने ती तार माझ्या बोटाला अशी काही कापू लागली की मी मनातल्या मनात त्याचं कौतुक परत घेतलं. लोहगडवाडीत पोचले ती लंगडतच.

गडावर जाणाऱ्यांसाठी तिथे एका छपरात हौसाबाई नावाच्या आजी जेवण करून घालतात. तांदळाची भाकरी, पिठलं आणि काळी कुळकुळीत कारळ्याची चटणी. आमच्या पुण्यात तांदळाची भाकरी म्हणजे आजारी माणसाचं खाणं. इथे ती ताटाएवढी, कडेला जराशी करपलेली, आणि हौसाबाई ती हातावरच थापतात. मी माझ्या पायाचं दुखणं विसरले. त्यांनी माझी चप्पल पाहिली, तार ओढून फेकली आणि सुतळी बांधून दिली.

नितीनने धीर करून टेप लावली. हौसाबाईंनी हातातला उलथना तसाच धरून कान दिला.

"ही भाषा कोनची?"

"इंग्रजी," नितीन म्हणाला.

"गानं तर आमचं हाय. आवणीचं, भात लावायचं. पन हे असं का म्हणतंय? मशीन आजारी हाय का?"

नितीनलाही वाटलं सेल उतरले. त्याने पिशवीतून सहा नवे सेल काढून घातले. गाणं तसंच संथ वाजलं. हौसाबाईंनी मान हलवली, पदर खोचला आणि आम्हाला म्हणून दाखवायला उभ्या राहिल्या.

"आवणी माघारी चालत लावायची असती बघा, रोपांची मूठ हातात धरून. मूठ टाकायची, पाय मागं. मूठ टाकायची, पाय मागं. गानं त्या पायाबरूबर चालतं." आणि त्या खरंच उलथना हातात घेऊन मागे मागे जात गाऊ लागल्या. तोच सूर, पण कसला भरभर, कसला उड्या मारणारा. पहिली बाई विचारते, कुण्या गावाची लेक गं तू? मग ओळीतली एकेक बाई आपल्या माहेराचं नाव सांगते, आणि सगळ्या मिळून त्या गावाची थट्टा करतात. एकीच्या गावाला पाणी नाही, एकीच्या गावाला नवरे टकले. जेवढ्या बाया तेवढी कडवी. हौसाबाई मागे जाता जाता पाण्याच्या हंड्यावर आपटल्या आणि हंडा लवंडला. माझं पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं.

मी हसत होते, पण नितीनचा चेहरा उतरला होता. तीन वर्षं तो ज्याला दुःखाचं गाणं समजत होता, ते टकल्या नवऱ्यांचं निघालं. मग दुःख आलं कुठून? त्याने तर ते जसंच्या तसं उचललं होतं, एक श्वास इकडचा तिकडे न करता.

"तुम्ही असं हळू कधी म्हणता का?" त्याने विचारलं.

"अशानं आवणी दिवाळीला उरकंल, बाबा," हौसाबाई म्हणाल्या. "आमच्यात न्हाई म्हणत. खाली बेडशाच्या अंगाला सोना म्हणून हाय एक. समद्या शिवारात तीच म्होरं म्हणती आता. तिला इचारा."

परतताना मळवलीच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसलो. मी वहीत दहाव्या गाण्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. त्याच्यापुढे आणखी एक काढलं.

बेडशाच्या अंगाला

तिसऱ्या दिवशी कामशेतहून एसटीने जितकं जाता आलं तितकं गेलो. आधी बेडशाच्या लेण्याच्या पायऱ्या चढलो. खरं सांगायचं तर नितीन वेळ काढत होता, सोनाला भेटायची त्याला भीती वाटत होती. पायऱ्या काही संपेनात. वर मात्र दोन हजार वर्षांपूर्वीचे खांब, त्यांच्या माथ्यावर घोड्यांवर आणि हत्तींवर बसलेली जोडपी, आणि इतकी शांतता की मला माझाच दम ऐकू येत होता. पुण्यापासून इतक्या जवळ हे आहे आणि आम्ही दर सुट्टीत कोकणात पळतो, याची मला लाज वाटली.

सिरिलने आत जाऊन घुमतं का बघायला आवाज लावला. खाली शेळ्या चारणारा एक मध्यमवयीन माणूस पायरीवर येऊन उभा राहिला.

"हितं आरडू नगा, भाऊ. बुद्धाची जागा हाय."

सिरिलने चटकन छातीवर क्रूस काढला आणि तोंड मिटलं. त्या माणसाला ते पाहून बरं वाटलं असावं, कारण तो हसला आणि आमच्याशी बोलू लागला. कुणाकडे आलात, विचारलं. सोनाचं नाव काढल्यावर म्हणाला, "आमच्याच आळीतली हाय की. चला." शेळ्या पुढे, मग तो, मग आम्ही, अशी आमची वरात गावात शिरली.

सोना पंचविशीची असेल. अंगणात नवं भात झोडून झालं होतं आणि ती सुपाने पाखडत होती. दारातून आत भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसत होती, तिला झेंडूची माळ. तीन वर्षांचा एक मुलगा भाताच्या राशीवर चढत होता आणि एक म्हातारी त्याला खाली ओढत होती. ही सोनाची सासू, तान्हाबाई. पाठीतून पार वाकलेली. शेळ्यावाल्या भाऊंनी आमची ओळख करून दिली आणि ते गेले.

"गान्यासाठी आलाय व्हय?" सोनाला हसू आवरेना. "ते आवणीबिगर म्हणत न्हाईत. पाय चिखलात असल्याबिगर तोंडात येत बी न्हाई."

पण बोलायला ती तयार होती. सूप बाजूला ठेवून तिने आम्हाला घोंगडी टाकली. आता सगळ्या खाचरांत तीच पुढे गाते, कारण आत्यांची पाठ गेली. सावडीने आवणी होते, म्हणजे घरटी एक बाई आणि सगळ्यांनी मिळून एकेकाचं खाचर लावायचं. ओळ सरळ राहिली पाहिजे. एक मागे पडली की ओळ वाकते आणि मग तिचं नाव वर्षभर निघतं.

"माजं बी निघालं व्हतं," ती म्हणाली. "लगीन होऊन आले त्या साली मागं पडले. लय हसल्या बाया. पन पुढच्या साली ह्यो प्वाटात, आठवा महिना, तरी टाचभर मागं न्हाई पडले. समद्यांच्या संगं मूठ टाकली, समद्यांच्या संगं बांधावर आले. आत्याला इचारा. तवापासनं कुनाची टाप न्हाई मला बोलायची."

हे तिने आम्हाला, पाच मिनिटांपूर्वी आलेल्या परक्यांना सांगितलं. यावरून ते तिला केवढं मोलाचं होतं ते कळावं. तान्हाबाई खाली बघून तांदळातले खडे वेचत होत्या. "न्हाई पडली," एवढंच त्या म्हणाल्या.

मग सोना हंडा-कळशी घेऊन विहिरीवर गेली. आमच्यासाठी चहा टाकायचा तर पाणी हवं होतं. नितीन चुळबुळत होता. त्याने यंत्र तान्हाबाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "आजी, तुम्ही ऐका."

गाणं सुरू झालं. पहिली ओळ, मग ते थांबणं, मग दुसरी ओळ. तान्हाबाईंचा खडे वेचणारा हात तिथल्या तिथे राहिला. शब्द इंग्रजी, त्यांना एकही कळत नव्हता. तिसऱ्या ओळीला त्यांनी दाराकडे पाहिलं, सोना गेली त्या बाजूला.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

नितीनने बंद केलं.

"तू बांधावर बसला व्हतास त्या साली? जांभळीखाली?"

"हो."

"कुत्र्यावानी भिजला व्हतास. म्या इरल्याखालनं बघितलं. म्हनलं कुनाचं प्वार हाय."

मग त्यांनी सांगितलं. आवाज इतका खाली होता की आम्हाला पुढे सरकून ऐकावं लागलं. पहिल्या साली बाया हसल्या तेव्हा सोना दोन दिवस जेवली नव्हती. दुसऱ्या साली पोटुशी, पायाला सूज, आणि घरी बस म्हटलं तर बसेना. गाणं पुढे म्हणायचा मान तेव्हा तान्हाबाईंचा होता. त्यांनी गाणं हळू घेतलं. ओळ म्हणायची आणि सोनाची मूठ खाली टेकेपर्यंत थांबायचं. तिची मूठ टेकली की पुढची ओळ. सगळ्या बायांना गाण्याबरोबरच चालावं लागतं, म्हणून त्याही हळू झाल्या. दोन-चार जणींना कळलं, पण कुणी बोललं नाही. बोलायचं नसतं. पूर्वी तान्हाबाईंच्या सासूनेही एका साली असंच केलं होतं, कुणासाठी ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.

"मला वाटतं माझ्यासाठीच आसंल," तान्हाबाई म्हणाल्या. "पन इचारलं न्हाई म्या."

मी बायांच्या पुस्तकांत आणि बाप्यांच्या पुस्तकांत मिळून बरंच शहाणपण वाचलेलं आहे. असं मी कुठे वाचलं नव्हतं. नितीन रडत होता. लपवतही नव्हता.

"आजी, हे गाणं तबकडीवर येणार आहे," तो म्हणाला. "तुमचं नाव घालू द्या. हळू तुम्ही केलंत, कशासाठी केलंत, सगळं मावशी लिहील."

"खुळा का काय तू," तान्हाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ती त्या एका सालावर उभी हाय. ते साल तिचं न्हवतं म्हनून सांगू तिला? गानं आमच्या गावाचं हाय, असं लिव्हायचं तर लिव. पन असं हळू आमी म्हणलं, असं लिव्हायचं न्हाई."

ही हकीकत मी इथे लिहिते आहे ती त्यांचा शब्द मोडून लिहिते आहे, असं कुणाला वाटेल. मलाही वाटतं, आणि म्हणून सासूचं नाव, सुनेचं नाव आणि झाडसुद्धा मी बदललं आहे. बेडशाच्या अंगाला गावं पुष्कळ आहेत. सोना काही हे वाचणार नाही असं म्हणणं सोपं होतं, पण तिचा मुलगा उद्या शाळेत जाईल आणि त्याला वाचता येईल.

तेवढ्यात सोना आली. डोक्यावर हंडा, काखेत कळशी, आणि येता येताच म्हणाली, "वाजीवलं व्हय? मला बी ऐकवा की."

नको म्हणायला काही कारण सुचेना. नितीनने तान्हाबाईंकडे पाहिलं. त्यांनी खडे वेचायला घेतले होते. त्याने कळ दाबली. सोना हंडा न उतरवताच ऐकत उभी राहिली. एक ओळ, थांबणं, दुसरी ओळ, थांबणं. तिच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं आता हिला आठवलं. सिरिलने माझा दंड धरला होता, तो किती घट्ट ते मला नंतर कळलं.

"हे आमचंच हाय," ती म्हणाली. "पन काय रडवं केलंय वो ह्याला. असं कोन म्हणतं? आत्या, आपुन असं कदी म्हणलं का?"

"न्हाई," तान्हाबाई म्हणाल्या. मान वर न करता. "शहरातली पोरं हायती. दमत्यात."

सोनाने नितीनकडे पाहिलं. नितीनचा सगळा जीव त्या गाण्यात होता आणि त्या गाण्याचा सगळा जीव त्या थांबण्यात. "मी केलं तसं," तो म्हणाला. "तुमचं भरभर होतं, मला जमेना. मीच हळू केलं."

"मंग पुढल्या आवणीला या," सोना म्हणाली. तिला त्याची कीव आली होती. "माज्या शेजारी उभं करते. येतंय हळूहळू. मला बी आधी जमत नव्हतं."

आम्ही चहा प्यायलो. गूळ घातलेला, दुधाशिवाय. तान्हाबाईंनी निघताना नितीनच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. 

पुण्यात परत

पाकिटाचा मजकूर मी चारदा लिहिला. नऊ गाण्यांचं पटापट झालं, विरहासकट. दहाव्यापुढे शेवटी लिहिलं, की या गाण्याचा सूर पवन मावळातल्या बायांच्या आवणीच्या गाण्याचा आहे, तो त्यांचा आहे, आणि मूळ गाणं भरभर आणि हसरं आहे. त्याची संथ गती मात्र नितीनची स्वतःची. पहिलं वाक्य खरं, दुसरं खोटं. ग्रंथपाल म्हणून वीस वर्षांत मी चुकीची नोंद जाणूनबुजून केली नव्हती. ही केली आणि खाली नाव घातलं.

नितीनने सूर स्वतःचा असल्याची सही करायचं नाकारलं, आणि तो मजकूर घेऊन आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. तबकडी गेली असं धरूनच गेलो होतो. अक्काच्या यजमानांनी दुकानात त्याच्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं. साहेबांनी चष्मा लावून मजकूर वाचला, दहावा परिच्छेद परत वाचला आणि कागद खाली ठेवला.

"सूर लोकांचा असला म्हणून काय झालं," ते म्हणाले. "सूर कुणीही उचलतो. नाचरं गाणं इतकं संथ करायचं, ओळीनंतर असं थांबायचं, ही अक्कल सगळ्यांना नसते. गाणं त्यामुळेच तर गाणं झालंय. तबकडी निघेल. मला फक्त एक सांगा, हे थांबणं तुम्हाला सुचलं कसं?"

नितीनने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा पेपरवेट पाहत राहिले. साहेब वाट पाहत होते.

"असंच," तो म्हणाला. "माझं मलाच सुचलं."